डाव्या कोपरावरचं तेल

५ जानेवारी २०२५, रविवार

इंदापूरला जाऊन आले. नको नको म्हणत असताना! वृषालीनं परस्पर नाव नोंदवलं होतं. सून शिकलेली असली की हे असं — गुडघे माझे, निर्णय तिचा.

वर्ग घेणाऱ्या बाई मोना मॅडम. वय तिशीचं असेल. स्टँडजवळच्या कार्यालयाचा वरचा हॉल, गळ्याशी माईक, मागं पडद्यावर उगवता सूर्य. आम्ही चाळीस बायका सतरंजीवर. मॅडम म्हणाल्या, जन्मभर घरासाठी राबलात, आता रोज सकाळी अर्धा तास स्वतःला द्या. तिळाचं तेल कोमट करा, डोक्यापासून तळपायापर्यंत स्वतःच्या हातानं जिरवा. हाडावर लांब हात, सांध्यावर गोल. 'आपल्या शरीराशी मैत्री करा.' शेजारच्या बाईचे डोळे भरून आले. अजून तेलाचा थेंबसुद्धा लागला नव्हता!

मी पस्तीस वर्षं सरकारी नर्स होते, अडीच वर्षांपूर्वी रिटायर झाले. बाळंतपणं किती केली त्याची मोजदाद नाही. मला ही पोरगी शरीर म्हणजे काय ते सांगते. तेलानं झिजलेला गुडघा भरून येत असता तर सरकारनं दवाखाने कशाला बांधले असते, गावोगाव घाणे काढले असते.

येताना गाडीत हे सगळं वृषालीला ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, एकवीस दिवस करून बघा. मग बोला."

ठीक. करते. आणि रोज लिहून ठेवते. उपकेंद्रातलं एक कोरं रजिस्टर कपाटात पडून होतं, तेच काढलंय. एकवीस दिवसांनी तिच्यापुढं उघडून ठेवीन. वाच म्हणावं.

६ जानेवारी

दिवस पहिला. बाथरूममध्ये पाट, पाटावर मी, अंगावर जुना परकर. वृषालीनं बारामतीहून लाकडी घाण्याचं तेल आणि काशाची वाटी आणलीय. नुसती स्टीलची चालत नाही म्हणे.

लावलं. वीस मिनिटं गार फरशीवर तेलकट बसून राहिले. मैत्री काही झाली नाही. थंडी वाजली.

गुडघा : होता तसाच.

७ जानेवारी

डाळीचं पीठ लावून अंघोळ केली तरी तेल जाईना. मोरीत पीठ आणि तेलाचा चिखल झाला. तो उपसायला गुडघ्यावर बसावं लागलं. म्हणजे ज्या गुडघ्यासाठी हे चाललंय त्याच गुडघ्यावर!

बाहेर आले तर हे ओट्यावर चहा घेत बसलेले. वर बघून म्हणाले, "पोळ्याच्या बैलागत चमकतीयास की." टोमॅटोच्या प्लॉटवर जायचं सोडून माझी चेष्टा करायला बरा वेळ असतो ह्यांना.

९ जानेवारी

मोना मॅडमचा व्हिडिओ वृषालीनं मोबाइलवर लावून दिला. मॅडम स्वतःच्या पायाला तेल लावतात आणि पायाला 'धन्यवाद' म्हणतात. कॅमेऱ्यात बघून. नखांना रंग.

मी पायाला काही म्हटलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

झोप बरी लागतेय हे लिहायला हवं. लबाडी नको. पण ती थंडीमुळं असणार. जानेवारीत सांगवीत नदीकडून असा गारठा येतो की कुणालाही झोप लागेल. तेलाचं श्रेय नाही.

गुडघा : जिना उतरताना तसाच. चढताना किंचित कमी. किंचित.

वृषालीला सांगितलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

आज भोगी. बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी, शेगड्या सगळ्या पेटलेल्या. त्यात तेलाची वाटी ठेवली आणि विसरले. चिमट्यानं उचलून तशीच बाथरूमला नेली. आधी डाव्या कोपरावर ओतलं, थेट वाटीतून. मग उजव्या तळव्यात ओतलं — आणि वाटी फेकलीच! तळहात लालभडक. पाण्याखाली धरून बसले.

नंतर लक्षात आलं. तळहाताला इतकं पोळलं ते तेल त्याच्या आधी कोपरावर पडलं होतं. तिथं मला काही कळलं नव्हतं.

असेल. कोपराची कातडी जाडच असते.

१४ जानेवारी

संक्रांत. कोपरामागं फोड आलाय, आवळ्याएवढा. ब्लाऊज घालताना फुटला. दुखला नाही.

१५ जानेवारी

घरात कुणी नसताना वृषालीचा हातात धरायचा आरसा घेतला, खोलीतल्या मोठ्या आरशाकडं पाठ केली आणि कोपराच्या मागं वरच्या बाजूला बघितलं. ती जागा स्वतःला कधी दिसत नाही. ब्लाऊजची बाही तिथं संपते.

फोडाच्या भोवती एक फिकट चट्टा आहे. रुपयापेक्षा मोठा. कडा जराशा उठलेल्या, आतली कातडी कोरडी. लव नाही.

पेनाचं टोक टेकवलं. आरशात दिसत होतं टेकलेलं. कळत नव्हतं.

मग मोना मॅडमनं सांगितल्यासारखं कोपराभोवती बोट गोल फिरवलं. दहा दिवस रोज फिरवतेय! कोपराच्या हाडामागं जी नस असते ती बोटाखाली आली. उजवीकडची दोऱ्यासारखी. डावीकडची सुंभासारखी.

पस्तीस वर्षं मी लोकांच्या ह्या नसा चाचपून बघितल्या. दहा दिवस स्वतःच्या नसेवरून तेलाचं बोट फिरवलं आणि लक्ष गुडघ्याकडं.

काय आहे ते मला माहीत आहे. इथं लिहीत नाही.

१६ जानेवारी

डाव्या हाताच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात कागद धरला, उजव्या हातानं ओढला. सुळकन निघाला. उजव्या हातात तोच कागद धरून डाव्यानं ओढला, तर फाटला पण सुटला नाही.

भाकरी थापताना करंगळी बाहेर राहते हे मला दिवाळीपासून दिसतंय. वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. आमच्याकडं येणारी प्रत्येक बाई हेच सांगायची. मी तिला झापायची — वय कसलं, अंगावर काढता, हात वाकडा झाल्यावर येता!

१७ जानेवारी

तेल लावलं नाही. वृषालीला सांगितलं, लावलं.

१८ जानेवारी, शनिवार

आज दिवसभरात काय काय केलं ते लिहिते, म्हणजे पुढं वाचताना लाज वाटेल.

लांब बाहीचा ब्लाऊज घातला. संस्कृती मांडीवर बसायला आली तर पाय दुखतोय म्हणून तिला उठवलं. सात वर्षांची नात, तिचं तोंड एवढंसं झालं. सगळ्यांच्या शेवटी जेवले. माझं ताट मीच घासलं.

गावोगावच्या शाळांत तक्ते टांगून मीच सांगत होते ना — स्पर्शानं काही होत नाही, लपवू नका, लवकर दाखवा, गोळ्या फुकट आहेत, पूर्ण बरा होतो? सांगत होते. घसा बसेपर्यंत. ऐकणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून गप्प बसायच्या आणि मला वाटायचं, काय अडाणी आहेत ह्या.

आपल्या आरोग्य केंद्रात जायचं तर तिथं सगळे ओळखीचे. शिपायापासून सगळे. 'सिस्टर, तुम्हाला?' म्हणतील. आठ दिवसांत सांगवीभर होईल.

हे मी लिहितेय. कौसल्या सिस्टर.

२० जानेवारी

फुलाबाई डोक्यातून जात नाही.

एकोणीसशे शहाण्णव साल. कोऱ्हाळ्याला घरोघरचा सर्व्हे. फुलाबाई बावीस-तेवीस वर्षांची, नवीन लग्न झालेली. दंडावर चट्टा. मी अंगणातच तपासलं. सासू उभी, दीर उभा, शेजारच्या चार बायका उभ्या. आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "चट्टा बधिर आहे. कुष्ठरोग आहे. गोळ्या खायच्या, घाबरायचं काही कारण नाही." मुद्दाम मोठ्यानं! लपवण्यासारखं त्यात काही नाही हे लोकांना कळावं म्हणून.

चार दिवसांनी नवऱ्यानं तिला माहेरी कन्हेरीला सोडली ती कायमची. गोळ्या तिनं पूर्ण केल्या, बरी झाली. त्या वर्षी तालुक्यात सगळ्यात जास्त केस मी शोधल्या. पाठ थोपटली गेली माझी. फुलाबाईचं पुढं काय झालं हे मी तेव्हा विचारलं नाही. मूर्ख नवरा, मूर्ख सासर, एवढं म्हणून मोकळी झाले.

शेवटी लिहिला वाटतं तो शब्द. तिच्या नावावर लिहिला.

२१ जानेवारी, मंगळवार

कन्हेरीला गेले. घरी सांगितलं, बारामतीला बँकेत काम आहे.

फुलाबाई भावाच्या रानात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. केस पांढरे, अंगानं धडधाकट. मला बघितल्याबरोबर ओळखलं. "सिस्टर, तुमी?" म्हणाली आणि पोतं झटकून बसायला दिलं. मी म्हटलं, इकडून चालले होते, सहज आले. तिला ते खोटं कळलं असावं. कन्हेरीतल्या त्या बांधावरून सहज कुणी जात नाही.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. भावाचं घर तिनंच सांभाळलं, भाच्यांची लग्नं केली. दुसरं लग्न केलं नाही. मी काही विचारायच्या आत ती स्वतःच म्हणाली,

"इलाज तुमी केला, बरी झाले. खोटं कशाला बोलू. पर सिस्टर, तुमी लई मोठ्यानं बोलत हुता."

बस एवढंच. राग नव्हता आवाजात. मेथी बांधता बांधता म्हणाली.

काहीतरी करायचं म्हणून मीही एक जुडी बांधायला घेतली. डाव्या हातात देठ धरले, ते करंगळीच्या बाजूनं निसटले. परत धरले. परत निसटले. फुलाबाईचे हात थांबले. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मग बांधापलीकडं बघितलं — भाऊ पाणी धरत होता, भावजय कोथिंबीर उपटत होती. ती पोत्यावर माझ्या जवळ सरकली आणि इतक्या हळू बोलली की मला मान वाकवावी लागली.

"कधी दावायला जाताय?"

तिनं माझ्या हातातली जुडी घेतली, बांधली आणि बाकीच्यांत ठेवून दिली.

निघताना बसथांब्यापर्यंत आली. वाटेत कुणीतरी विचारलं, कोण पाव्हणी? म्हणाली, "माझ्या वळकीच्या हायत."

२३ जानेवारी, गुरुवार

इंदापूरला सरकारी दवाखान्यात जाऊन आले. घरी काय सांगितलं? मोना मॅडमकडं शंका-समाधानाचा वर्ग आहे! वर्ग खरंच होता. वृषाली इतकी खूश झाली की डबा बांधून दिला. गेले वीस दिवस मी ज्या बाईला नावं ठेवतेय तिच्याच नावाआड लपून गेले. ह्याला काय म्हणायचं ते मला चांगलं माहीत आहे, इथं लिहायला जागा पुरणार नाही.

डॉक्टर पोरगेला आहे, पण हात चांगला. नस बरोबर चाचपली, घाई केली नाही. दार लोटून घेतलं, मग बोलला. हळू. कुष्ठरोगच. एक चट्टा, एक नस. सहा महिने गोळ्या. नसेला सूज आहे म्हणून वेगळं औषध, बोटांची ताकद बरीचशी येईल, सगळी येईल असं सांगत नाही म्हणाला. कधीपासून आहे? मी म्हटलं, दहा दिवस. त्यानं माझ्याकडं बघितलं. "मावशी, तुम्ही नर्स होता असं म्हणालात ना?" मग मी खाली बघितलं. त्याच्या मतानं दोन-अडीच वर्षं तरी.

पुढं त्यानं फॉर्म ओढला. घरात कोण कोण? हे मला ठाऊकच होतं, तरी अंगावर आलं. सांगितलं — दत्तोबा, नवरा. दिग्विजय, मुलगा, एमआयडीसीत कामाला. वृषाली, सून. संस्कृती, नात. प्रत्येकाला तपासायचं, मग प्रत्येकाला खबरदारीची एक गोळी. म्हणजे सांगावंच लागणार. हा नियम मी शेकडो घरांत राबवला. 'घरच्यांना सांगावं लागेल हं' — इतक्या सहज म्हणायची मी, जसं काय उद्या लाइट जाणार आहे म्हणून सांगतेय.

दवाखान्यातून सरळ त्या हॉलवर गेले. निदान वर्गाला गेले होते हे तरी खरं व्हावं. मागं बसले. मोना मॅडमनं बघितलंच. माईकवरून विचारलं, "सांगवीच्या मावशी, अठरा दिवसांत काय फरक जाणवला?" चाळीस माना वळल्या. मी म्हटलं, "कोपराचं कळलं." मॅडमना काय समजलं कोण जाणे. टाळ्या वाजवायला लावल्या.

२४ जानेवारी

वृषालीला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. मी दार लावलं आणि समोर बसले. वाक्यं पाठ होती — स्पर्शानं होत नाही, पहिल्या डोसानंतर धोका राहत नाही, तुम्हा सगळ्यांना तपासून एकेक गोळी. पोस्टर वाचल्यासारखी सांगितली. ती ऐकत होती. हातातली शेंग तशीच.

पहिलं विचारलं, "संस्कृतीला?"

मी म्हटलं, तिलाही दाखवायचं. तिला काही नसणार, पण दाखवायचं. वृषाली उठली, आतल्या खोलीत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती संस्कृतीची गादी काढत होती. माझ्या खोलीतून स्वतःच्या खोलीत. मी दारात उभी राहून बघितलं. तिनं मला बघितलं.

राग आला. शिकलेली म्हणे! मग आठवलं, सहा दिवसांपूर्वी त्याच पोरीला मांडीवरून मी उठवलं होतं. मी तर ह्या विषयात पगार घेतला.

२५ जानेवारी

सकाळी बाथरूमच्या दारात वृषाली उभी. हातात काशाची वाटी. म्हणाली, डॉक्टरांना फोन करून विचारलंय, फोडाची जागा सोडून लावायला हरकत नाही, कातडी कोरडी पडू द्यायची नाही. "पण गरम किती ते तुम्हाला कळणार नाही त्या हाताला. मी बघून देत जाईन." आणि स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघितला, बाळाचं दूध बघतात तसा.

गादी अजून तिच्याच खोलीत आहे. दोन्ही खरं आहे.

लावलं. डाव्या हाताला जास्त वेळ. आत काही कळत नाही, कडेपासून कळायला लागतं. ती हद्द कुठं आहे ते आता बोटांना पाठ झालंय.

२७ जानेवारी, सोमवार

वृषालीकडून कळल्यावर दिग्विजय आम्हाला गाडीत घालून इंदापूरला घेऊन गेला. रात्रपाळी करून आला होता, झोपला नाही. तिघेही तपासले. कुणालाही काही नाही. संस्कृतीच्या पाठीवर एक फिकट डाग निघाला तेव्हा वृषालीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं, डावं. डॉक्टरनं पेन टेकवलं, संस्कृती खिदळली. गुदगुल्या होतात म्हणाली. साधं शिबं!

गोळ्या तिथंच घेतल्या तिघांनी. ह्यांच्या प्लॉटवर आज टोमॅटोचा तोडा होता, हे नव्हते. त्यांना डॉक्टर गुरुवारी बघणार. ह्यांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. ते मीच सांगायचं ठरलंय.

परत आल्यावर संस्कृतीची गादी माझ्या खोलीत होती. कुणी आणली ते विचारलं नाही.

२८ जानेवारी

ह्यांना सांगितलं. प्लॉटवरच, क्रेटवर बसून. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कोपराच्या मागलाच न्हवं? मी दावला हुता की तुला. तू रिटायर झालीस त्या उन्हाळ्यात. तू म्हणालीस, तुमी टोमॅटोवरचे डाग बघा, माणसांवरचे मला कळत्यात. मग मी परत न्हाय बोललो."

टोमणा मारला नाही. जसं घडलं तसं सांगितलं आणि तोड्याला लागले.

मला आठवत नाही. तो उन्हाळा आठवतो, निरोपाची साडी आठवते, हारसुद्धा आठवतो. हे आठवत नाही.

वाक्य मात्र माझंच आहे.